आवाज येतो, चित्र नाही : टीव्ही दुरुस्त करावा की बदलावा?

बिघडलेला टीव्ही आणि मोजके पैसे, या एकाच अडचणीवर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. दिलेल्या किमती अंदाजासाठी आहेत. गावानुसार आणि सणासुदीच्या सवलतींनुसार त्या बदलतील.

प्रश्न : आमच्या ३२ इंची एलईडी टीव्हीला साडेपाच वर्षं झाली. आवाज नीट येतो, रिमोटने चॅनेल बदलतो, पण पडदा काळाच. मेकॅनिक म्हणतो पट्ट्या गेल्यात, २,२०० रुपये लागतील. दुकानदार म्हणतो, यात पैसे घालू नका, नवा घ्या. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बहुतेक मेकॅनिकचंच, पण त्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी घरीच करा. रात्री खोलीतले दिवे बंद करून टीव्ही लावा. रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा आणि बॅटरीचा झोत पडद्याजवळ, दोन-तीन इंचांवर, तिरका धरा. झोताखाली मेनूची अक्षरं पुसट दिसली, तर चित्र तयार होतंय, फक्त त्यामागचा उजेड गेलाय. म्हणजे पॅनेल (चित्र दाखवणारी काच) आणि मेन बोर्ड शाबूत आहेत.

एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीचा पडदा आणि त्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. हे दिवे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एक दिवा उडाला की माळ तुटते आणि सगळा पडदा काळा होतो. एखादा दिवा शॉर्ट झाला, तर दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी उजेड बंद करतं. अशा वेळी टीव्ही लावल्यावर क्षणभर चित्र चमकून जातं. तुमच्याकडे तसं होतं का, पाहून मेकॅनिकला सांगा.

२,२०० रुपयांत पट्ट्यांचा पूर्ण संच बदलून मिळत असेल तर काम जरूर करा. मात्र काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली, फक्त मेलेला एक दिवा बदलायचा नाही. बाकीचे दिवे तितकेच जुने असतात, चार-सहा महिन्यांत पुढचा जातो, आणि नव्या-जुन्या दिव्यांचा रंग वेगळा पडून पडद्यावर डाग दिसतात. दुसरी, पट्ट्या बदलायला पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. काच कागदासारखी पातळ नसली तरी कडेच्या रिबिनी, म्हणजे पॅनेलला बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या पट्ट्या, तशाच नाजूक असतात. एकट्याने, घाईत, जमिनीवर बसून हे काम करणाऱ्याच्या हाती टीव्ही देऊ नका. पॅनेल तडकलं तर जबाबदारी कुणाची, हे आधीच स्पष्ट विचारा. तिसरी, किमान सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या.

आता दिवे का गेले, तेही पाहा. बहुतेक टीव्ही घरी येतो तेव्हा भडक मोडवर असतो आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, १०० वर. तो तसाच वर्षानुवर्षं चालतो. एलईडीला उष्णता मारते, आणि पूर्ण प्रवाहावर ती सर्वांत जास्त असते. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट ५० ते ६० वर आणा. नुसता 'ब्राइटनेस' कमी करून भागत नाही. अनेक मॉडेल्समध्ये त्या नावाखाली फक्त चित्रातला काळेपणा बदलतो, दिव्यांचा प्रवाह तेवढाच राहतो. काही मेकॅनिक बोर्डावरचा रोध (रेझिस्टर) बदलून दिव्यांचा प्रवाहच थोडा कमी करून देतात. उजेड जरा मंद होतो, पण पट्ट्या जास्त टिकतात. तसं करून मिळालं तर घ्या.

दुकानदाराचा सल्ला कधी बरोबर ठरतो? दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच नव्या टीव्हीच्या एक-तृतीयांशापलीकडे गेला, किंवा टीव्हीला आठ वर्षं होऊन गेली, तर. तुमचा टीव्ही या दोन्हींत बसत नाही.

प्रश्न : तीन वर्षांत दोन टीव्ही गेले. पहिल्याचा पॉवर बोर्ड जळला. दुसऱ्याचे एचडीएमआय पोर्ट वळवाच्या पावसात गेले, तेव्हा मेन स्विच बंद होता. आता १५ हजारांत तिसरा घ्यायचाय. टिकाऊ कंपनी सांगा.
– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : कंपनीचं नंतर बघू. ही दोन मरणं वेगवेगळ्या वाटांनी आली आहेत. त्या वाटा बंद केल्या नाहीत तर तिसरा टीव्ही कुठल्याही कंपनीचा असो, तोही जाईल.

पहिली वाट विजेच्या तारेची. टीव्हीचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाने तो सहसा मरत नाही. मारतो तो जास्त दाब. खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल (परतीची तार) तुटली, की तीन फेजांचा तोल जातो आणि काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. एका घरातले दिवे अचानक प्रखर, पंखे वेगात आणि शेजारच्या घरातले दिवे मंद, ही त्याची खूण. टीव्हीच्या आत ४०० व्होल्टचं एकदिश (डीसी) रूपांतर झालं की ते ५६५ व्होल्टपर्यंत जातं, आणि बोर्डावरचा मोठा कॅपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टचा असतो. पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

यावर ३०० रुपयांचा स्पाइक गार्ड चालत नाही. तो क्षणभराचा झटका झेलतो. दोन-चार मिनिटं टिकणारा जास्त दाब त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. तुम्हाला हवा आहे जास्त दाबाला पुरवठा तोडणारा संरक्षक. तो मीटरजवळच्या बोर्डात एमसीबीशेजारी बसतो, दाब साधारण २७० च्या वर गेला की तोडतो आणि दाब नीट झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप जोडतो. त्याने टीव्हीबरोबर फ्रीज आणि पंपाचा स्टार्टरही वाचतो. ते जमत नसेल तर टीव्हीपुरता, हाय कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर घ्या. बॉक्सवर 'हाय व्होल्टेज कट-ऑफ' हे शब्द असल्याशिवाय घेऊ नका. तारतंत्रीला बोलावलंच आहे, तर अर्थिंगही तपासून घ्या. कोकणातल्या जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतीच उरते. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं.

दुसरी वाट डिशची. मेन स्विच बंद असूनही एचडीएमआय जळलं, याचं कारण बहुधा छपरावरच्या डिशवरून येणारी केबल. जवळपास वीज पडली की लोखंडी खांबावरच्या डिशमध्ये आणि लांब केबलमध्ये झटका उत्पन्न होतो. तो आधी सेट टॉप बॉक्समध्ये शिरतो आणि तिथून एचडीएमआयच्या तारेने थेट टीव्हीच्या मेन बोर्डात. त्याला प्लगची गरजच नसते. म्हणून वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात, आकाश भरून येताच डिशची केबल सेट टॉप बॉक्समधून फिरवून काढा आणि प्लगही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका. इंटरनेट फायबरचं असलं, तरी त्याच्या डब्यापासून टीव्हीपर्यंत येणारी तांब्याची लॅन केबल असेल, तर तीही काढावी. वायफाय वापरलंत तर ती एक वाट कायमची बंद होते.

आता १५ हजारांचं. दोन-अडीच हजार संरक्षणाला बाजूला ठेवा आणि उरलेल्या साडेबारा हजारांत सेवा केंद्र जवळ असलेल्या कंपनीचा ३२ इंची टीव्ही घ्या. पावसाळ्यात ओल येते त्या पश्चिमेच्या भिंतीवर तो टांगू नका. टेबलावर, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पावसाळ्यात रोज तासभर तरी लावा, म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. पाठीमागच्या उबेला पाल आत शिरून बोर्डावर शॉर्ट होतं, हेही तुमच्या भागात होत राहतं. टीव्हीच्या मागे कापड झाकू नका, त्याने हवा कोंडते. आजूबाजूचं भिंतीवरचं अडगळीचं सामान हटवा, तेवढं पुरतं.

प्रश्न : पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली. महिन्याभरात तीन झाल्या. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : टीव्हीचाच मेनू उघडा. रेघा मेनूवरही दिसत असतील तर दोष सेट टॉप बॉक्सचा नाही. चौकटीच्या कडेला अगदी हलकं दाबल्यावर रेघ जाते-येते का, ते एकदाच पाहा. जात-येत असेल तर काचेला चिकटवलेली रिबीन सुटते आहे. शहरांत यंत्राने ती पुन्हा चिकटवून देतात, पण ते काम फारसं टिकत नाही. पॅनेल बदलायचं तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. यात पैसे घालू नका. रेघा सोसवतात तोवर बघा आणि दरम्यान पैसे साठवा.

नव्या टीव्हीवर काच पुसण्याचं द्रव कधीही फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेच्या रिबिनींवर जातं आणि अशा रेघा आणतं. मऊ कापड किंचित ओलं करून, टीव्ही बंद असताना पुसा.

प्रश्न : गावी आई-वडिलांचा जुना, जाड टीव्ही बंद पडला. २२ हजारांपर्यंत नवा घेऊन द्यायचाय. बसायची जागा भिंतीपासून साधारण सात-आठ फुटांवर आहे. डिशचा बॉक्स जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचा. नातवंडं आली की यूट्यूब लागतं. मी पुण्यात असतो, सारखं जाता येत नाही.
– एक वाचक, पुणे (मूळ गाव जत तालुका)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. टीव्ही बिघडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल. म्हणून पहिली चाळणी सेवेची लावा. मनात असलेल्या कंपन्यांच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून गावाचा पिनकोड सांगा आणि दोन प्रश्न विचारा : अधिकृत सेवा केंद्र कोणत्या गावी आहे, आणि माणूस घरी येतो की टीव्ही उचलून न्यावा लागतो. सांगली किंवा मिरजेहून माणूस येतो असं उत्तर आलं तर ठीक. 'आमचा भागीदार संपर्क करेल' असं मोघम उत्तर देणारी कंपनी यादीतून काढा. याच एका प्रश्नावर निम्मी नावं गळतील.

मग आकार. सात-आठ फुटांवरून ४३ इंची योग्य. ३२ इंची तेवढ्या अंतरावर लहान वाटतो, विशेषतः उतारवयात बातम्यांची पट्टी वाचायला. पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, म्हणजे लहान टीव्हीएवढाच. त्यामुळे ४३ इंची आता तुमच्या बजेटच्या आवाक्यात येतो.

फुल एचडी की ४के? साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं येतं. ते कितीतरी जास्त ठिपक्यांच्या ४के पडद्यावर ताणलं की जास्तच धुरकट वाटतं. तुमच्या घरी डिश मुख्य आणि यूट्यूब अधूनमधून असल्यामुळे, चांगली सेवा असलेल्या कंपनीचा फुल एचडी मिळाला तर तो घ्यावा. अलीकडे ४३ इंचांत ४केच जास्त मिळतात. तोच मिळाला तरी बिघडत नाही, मात्र डिशचा बॉक्स एचडी करून घ्या. एवढ्या बदलानेही चित्रात मोठा फरक पडतो.

जुन्या बॉक्सच्या तारांकडे दुर्लक्ष करू नका. नव्या टीव्हींवर तीन गोल खोबण्या बहुधा नसतात. त्यांच्याऐवजी एकच छोटं, हेडफोनच्या पिनसारखं एव्ही छिद्र असतं, काहींवर तेही नाही. त्यासाठीची जोडतार बहुधा नव्या टीव्हीच्या खोक्यातच असते, ती फेकू नका. बाजारातली दुसरी तार दिसायला सारखी, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्र काळं-पांढरं येतं किंवा आवाजात घुरघुर ऐकू येते, आणि दोष टीव्हीला लागतो.

स्मार्टपणाला फार पैसे देऊ नका. पॅनेल आठ-दहा वर्षं चालू शकतं. त्यातलं सॉफ्टवेअर मात्र चार-पाच वर्षांत मंदावतं आणि ऍप अपडेट होणं थांबतं. तेव्हा चार-पाच हजारांची स्टिक एचडीएमआयला लावली की टीव्ही पुन्हा चपळ होतो. तरीही रॅम किमान २ जीबी पाहा. १ जीबीवर रिमोट दाबल्यापासून ऍप उघडेपर्यंत वाट बघावी लागते, आणि आई-वडिलांना वाटतं आपलंच काही चुकलं. रिमोटवर मोठे अंक आहेत का, हेही बघाच. आकड्यांविना आलेला लहान रिमोट ज्येष्ठांना खरोखर त्रास देतो. टीव्ही सुरू होताच थेट डिशवर जावा, अशी सेटिंग बहुतेक मॉडेल्समध्ये असते. पहिल्याच दिवशी ती लावून द्या.

टीव्ही घरी पोचेल तेव्हा शक्यतो स्वतः हजर राहा. टीव्हीचा बॉक्स उभाच आणला पाहिजे. आडवा घातलेला ४३ इंची पडदा आतून तडकू शकतो आणि लावेपर्यंत ते कळत नाही. बॉक्स उघडण्यापासून टीव्ही सुरू होईपर्यंत मोबाइलवर सलग चित्रीकरण करा, त्यात अनुक्रमांकाचं लेबल स्पष्ट येऊ द्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशी कोरी चित्रं पेन ड्राइव्हवरून दाखवून मेलेले ठिपके तपासा. प्रत्येक एचडीएमआय पोर्टला डिशचा एचडी बॉक्स लावून पाहा. हे सगळं झाल्यावरच पोच पावतीवर सही. ऑनलाइन घेतलेल्या टीव्हीवर बदलीची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांचीच असते. तो बंद बॉक्समध्ये दिवाळीपर्यंत ठेवू नका.

भिंतीवर टांगायचा असेल तर कंपनीच्या माणसाकडून, आणि टीव्हीबरोबर आलेल्याच स्क्रूंनी. लांब स्क्रू आत जाऊन बोर्डाला किंवा पॅनेलला भिडतो, आणि तो बिघाड हमीत बसत नाही.

प्रश्न : आठवडी बाजाराजवळच्या दुकानात नऊ हजारांत ४३ इंची '४के सपोर्ट' स्मार्ट टीव्ही मिळतोय. घ्यावा का?
– एक वाचक, मालेगाव

उत्तर : नको. '४के सपोर्ट' म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो एवढंच. पडदा १३६६ बाय ७६८ चा असू शकतो. खऱ्या ४के पडद्याचा आकडा ३८४० बाय २१६०, आणि तो पॅनेलच्या रिझोल्यूशनसमोर छापलेला असावा लागतो. दुकानात आणखी दोन गोष्टी करून बघा. यूट्यूब उघडा : ते मोबाइलसारखं दिसत असेल आणि रिमोटने पडद्यावर माउसचा बाण फिरत असेल, तर ही परवान्याची टीव्ही प्रणाली नाही, पैसे भरून घेतलेले ओटीटी त्यावर नीट चालणार नाहीत. मग मागच्या लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो 'बीआयएस केअर' ऍपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावाची ते दिसतं. क्रमांक नसेल किंवा भलत्याच उत्पादनाचा निघाला तर तिथूनच परत फिरा. त्याच पैशांत हमी असलेला, ओळखीचा ३२ इंची मिळतो, आणि तो तुम्हाला जास्त वर्षं साथ देईल.

प्रश्न : दरमहा रिचार्ज परवडत नाही. सेट टॉप बॉक्सशिवाय फ्री डिश दिसणारा टीव्ही असतो म्हणे?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : असतो. तांत्रिक माहितीत 'सॅटेलाइट ट्यूनर' किंवा 'डीव्हीबी-एस२' लिहिलेलं पाहा. नुसतं 'डीव्हीबी-टी' आणि 'डीव्हीबी-सी' असेल तर चालणार नाही. डिशची केबल थेट टीव्हीत लावायची, उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व निवडायचा, एलएनबी (डिशच्या दांड्यावरचा सिग्नल घेणारा भाग) 'युनिव्हर्सल' ठेवायचा आणि शोध लावायचा. डिशचं तोंड आपल्याकडून आग्नेयेला येतं. डीडी सह्याद्रीसह खुली चॅनेल दिसतील. पण फक्त या सोयीसाठी टीव्हीवर दोन हजार जास्त देऊ नका. फ्री डिशचा एमपेग-४ बॉक्स वेगळा घेणं बहुधा स्वस्त पडतं, आणि तो बिघडला तर टीव्ही शाबूत राहतो.

प्रश्न : वापरलेला टीव्ही घेताना काय तपासावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : किमान अर्धा तास चालू ठेवा. बॅकलाइटचे आणि कॅपॅसिटरचे दोष तापल्यावरच दिसतात. पांढरा पडदा लावा : चित्रावर निळी-जांभळी छटा असेल तर दिवे थकले आहेत; गोल पांढरे ठिपके दिसले तर दिव्यावरची भिंगं निखळली आहेत. दोन्हींत पट्ट्यांचा खर्च येणार हे धरून किंमत पाडा. काळ्या पडद्यावर कडेला रेघा किंवा डाग दिसले तर सोडूनच द्या. दुकानातला 'डिस्प्ले पीस'ही वापरलेलाच समजा. तो रोज दहा-बारा तास पूर्ण उजेडावर चाललेला असतो. बॉक्सवर निर्मितीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचून मगच सवलत मोजा.

प्रश्न : नवा टीव्ही चार महिन्यांत तीनदा बंद पडला. दर वेळी माणूस येऊन सॉफ्टवेअर टाकून जातो. कंपनी बदलून देत नाही.
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : प्रत्येक भेटीचा जॉब शीट, म्हणजे काय काम केलं त्याचा कागद, मागून घ्या आणि त्यावर 'टीव्ही बंद पडतो' ही तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली आहे ना, ते पाहा. 'ग्राहकाला समजावून सांगितलं' असा शेरा असलेल्या कागदावर सही करू नका. तीनही तारखांसह कंपनीला ई-मेल करा आणि १५ दिवसांत बदली किंवा परतावा मागा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि अर्ज 'ई-जागृती' वरून ऑनलाइन भरता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो गेला पाहिजे. बिल, हमीपत्र, जॉब शीट आणि टीव्ही बंद पडल्याचं चित्रीकरण एकत्र ठेवा.

प्रश्न : जुना जाड टीव्ही एक्स्चेंजला घेत नाहीत. भंगारवाला ४० रुपये देतो. द्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नका. हे भंगारवाले तांब्यासाठी टीव्हीतली काचेची चित्रनळी फोडतात. तिच्या काचेत शिसं असतं, आणि नळी फुटताना काच उडून इजाही होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल, याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टीव्हीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर 'ई-कचरा' या विभागात संकलनाचा फोन मिळतो, तिथे कळवा. नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनाचा दिवस असेल तर तोही विचारा. तोवर टीव्ही कोरड्या जागी, काच भिंतीकडे करून ठेवा, आणि मागचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. आत कित्येक हजार व्होल्टचा भार बंद केल्यानंतरही उरलेला असू शकतो.